आईच्या बाडीतली भिवापुरी

मामाच्या शेताच्या बांधावर मी उभी होते आणि समोर जे दिसत होतं ते डोक्यात शिरत नव्हतं. एकाच डब्यातलं बी, एकाच वाफ्यातली रोपं, एकच शेत. तरी एका झाडाची मिरची आखूड आणि जाड, शेजारच्या झाडाची लांब आणि बारीक, पलीकडच्या झाडाची टोकाशी वळलेली. काही झाडांवर मिरच्या वर तोंड करून उभ्या, काहींवर खाली लोंबत होत्या. कुणीतरी चार ठिकाणची रोपं आणून मुद्दाम मिसळून लावावीत, तसं ते शेत दिसत होतं. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत आईचा फोटो होता. तिखटाच्या पाकिटावर तो छापायचा होता.

मी तो फोटो बाहेर काढलाच नाही.

हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगते. मला मधूनच सांगता येत नाही. भिलाईच्या प्लांटमध्ये मी स्टोअरला आहे. आलेल्या प्रत्येक मालाला टॅग लावायचा, तो कुठून आला, कधी आला, कुठे ठेवला, हे त्यावर लिहायचं, हे माझं रोजचं काम. घरीही तीच सवय लागली आहे. माझ्या स्वयंपाकघरात एकही डबा चिठ्ठीशिवाय नसे. डाळीच्या डब्यावर डाळीचं नाव असतं आणि ती भरल्याची तारीखही. मुलं चिडवतात, की एक दिवस आई आम्हालाही टॅग लावून ठेवणार.

आईच्या मिरचीच्या डब्यावरही मी चिठ्ठी लावली होती, पण तिची कधी गरज पडली नव्हती. ती भिवापुरी होती, हे सगळ्या स्ट्रीटला माहीत होतं.

आईचं माहेर भिवापूरजवळचं एक लहान गाव. लग्न होऊन ती सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा तिच्या ट्रंकेत, राखेत घोळलेलं मिरचीचं बी होतं. क्वार्टरच्या मागे थोडी मोकळी जागा असते. तिला इथे सगळे बाडी म्हणतात. आईने त्या बाडीत पहिल्याच पावसाळ्यात मिरची लावली. त्यानंतर दर वर्षी लावली. बाबा प्लांटच्या कोळशाच्या भट्ट्यांवरून, कोक ओव्हनमधून, ड्युटी करून आले की ठेचा-भाकर खायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "हिच्या माहेरचं दुसरं काही मिळालं नाही मले. पण हे मिळालं, ते पुरून राहिलं." बाबा गेले, क्वार्टर लीजवर आमच्याकडेच राहिलं, मीही मुलांसह तिथेच राहते, आणि आई मिरची लावतच राहिली. माहेरी जाणं हळूहळू बंद झालं होतं. आजी-आजोबा गेले, मामी गेली, मामा थकला. आईचं माहेर उरलं होतं ते त्या दोन वाफ्यांत. ते मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. आम्ही कधी बोललो मात्र नव्हतो.

मग एका उन्हाळ्यात मामेभाऊ अचानक दारात उभा राहिला. फोन न करता, भंडारा रोडवरून गाडी पकडून थेट भिलाईला. मला वाटलं, मामाचं काही झालं.

"बाबा ठीक आहे," तो चप्पल काढता काढता म्हणाला. "मी आत्याकडं काम घेऊन आलो. आत्या, तुह्याकडं आपल्या मिरचीचं बी आहे ना अजून?"

"आहे ना," आई म्हणाली. "काहून? तुह्याकडं नाही?"

"नाही."

"गावात असन ना कोणाकडं."

"गावात कोणाकडंच नाही, आत्या. मी घरोघरी फिरून आलो."

मी हातातला पाण्याचा पेला तसाच धरून उभी राहिले. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, लोक ज्याला जीआय टॅग म्हणतात ते, हे मी पेपरात वाचलं होतं. कात्रण आईला दाखवलंही होतं. त्या भागात पिकलेली, त्याच जातीची मिरची असेल तरच ते नाव लावता येईल, दुसऱ्या कुणी लावलं तर कायद्याने अडवता येईल, असं त्यात होतं. मी मनात चित्र केलं होतं की तिकडे अख्खं शिवार लाल झालं असेल. आणि हा सांगत होता की गावात बीच नाही.

"सगळे पाकिटातलं बी आणतात आता," तो म्हणाला. "झाड मोठं होते, माल जास्त निघते. आपली मिरची कोण लावते? दुकानाले पाटी लागली अन् आतमंधी माल नाही, अशी गत झाली. आता आम्ही दहा-बारा जणांनी गट केला. त्या नावाखाली तिखट विकायचं म्हणून नोंदणी करून राहिलो. पण बी पाहिजे. खरंवालं."

आई उठली. ती आता भिंतीला धरून उठते, पण त्या दिवशी तशीच उठली. फडताळातला डबा काढला, राख झटकली आणि ओंजळभर बी मामेभावापुढे धरलं.

"घे. माह्या मायनं मले दिलं, मी तुले देते. गावचं होतं, गावाले चाललं."

मामेभावाने ते बी रुमालात घेतलं आणि आईच्या पाया पडला. "तुह्या बीवर सगळं आहे, आत्या. पाकिटावर तुहा फोटो लावू आम्ही."

"माहा कायले फोटो? चष्मा लावून की बिनचष्म्याचा?" आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या अम्मांना तारेवरून हाक मारून ही बातमी दिली. अम्मा मूळच्या गुंटूरकडच्या. त्यांचे यजमान आणि बाबा प्लांटच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे विभागात होते. दोन्ही क्वार्टरच्या बाड्यांमध्ये एक काटेरी तार आहे. त्या तारेवरून या दोघींचं आयुष्यभर बोलणं, भांडणं आणि वाट्यांची देवाणघेवाण चालू आहे.

"भाभी का फोटो पैकेट पे?" अम्मा म्हणाल्या. "फिर तो मैं आटोग्राफ लेगी."

"आप तो पहले पुराना कटोरा वापस करो," आई म्हणाली.

त्या पावसाळ्यात मामेभावाचे फोन आले. रोपं आली, शेतात लावली, फुलं धरली. आई प्रत्येक फोननंतर अम्मांना सांगायची आणि मग मला पुन्हा सांगायची. हिवाळ्यात मिरची लाल व्हायला लागली तेव्हा तो म्हणाला, "ताई, कृषी महाविद्यालयाच्या मॅडम येणार आहेत पीक पाहायला. आत्याला प्रवास नाही जमणार, तर तू तरी ये. फोटोही घेऊन ये." आवाजात मला काही वेगळं जाणवलं नाही. आता वाटतं, तो मुद्दामच बोलला नसेल. मी स्वतः पाहावं, असं त्याला वाटत असेल.

मी पाहिलं.

मॅडम वयाने लहान होत्या. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. ओळीतून चालत गेल्या, झाडं पाहिली, मिरच्या तोडून हातावर मांडल्या आणि म्हणाल्या, "बी मिसळलेलं आहे. एका पिढीत एवढं मिसळत नाही. बऱ्याच वर्षांचं आहे."

"शेतात मिसळलं का?" मी विचारलं.

"नाही. आजूबाजूला दुसरी मिरचीच नाही इथे. बी आलं तेच असं आलं."

मामेभाऊ खाली पाहत होता. गटातली माणसं बांधावर उभी होती. मला काहीतरी म्हणायचं होतं. स्टोअरमध्ये माल चुकीचा निघाला की मी लगेच विचारते, कुठून आला, कोणी पाठवला, कोणी उतरवला. इथे या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर होतं आणि ती बाई भिलाईत दाराकडे डोळे लावून बसली होती. मी काय सांगणार होते तिला?

मामाला खुर्चीवर बसवून बांधापर्यंत आणलं होतं. त्याने काठी टेकून उभं राहून एक ओळ पाहिली आणि काही झाडांकडे बोट केलं. "हे. अन् हे. हे आपल्यासारखं दिसते. बाकी..." त्याने हात हवेत फिरवला. मॅडमनी त्या झाडांना लाल फीत बांधली, म्हणाल्या, याचंच बी वेगळं धरून बघू. ती झाडं त्या शेतात इतकी थोडी होती की मोजायचीही गरज नव्हती.

"आत्याला नको सांगू," मामेभाऊ एसटी स्टँडवर म्हणाला.

"सांगावं लागेल. ती फोटोचं विचारेल."

"मग मी वाईट वाटून घेतलं नाही, असं सांग."

मला तेच जास्त लागलं.

घरी आले तेव्हा आई सांबार निवडत बसली होती. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. मी पिशवी ठेवली आणि जसं होतं तसं सांगून टाकलं. मला फिरवून सांगता येत नाही.

"कोणती मिरची?" आई म्हणाली. "माह्या बीची?"

"हो."

"मग त्यायनं दुसरं बी मिसळवलं असन."

"नाही आई. तुझंच होतं. एकट्या तुझ्याच बीचं शेत होतं ते."

"माती अलग असन तिकडची आता. खत टाकतात ना लोक."

"मातीने एक मिरची लांब आणि एक आखूड होत नाही."

"तुह्या त्या मॅडमले काय समजते? किती वर्षांची आहे ते पोट्टी?"

"मामानेही पाहिलं," मी म्हटलं.

मला वाटलं रडेल. ती रडली नाही, माझ्याकडे पाहत राहिली, जसं काही मी एखादं अशक्य कोडं घातलं होतं आणि उत्तर मलाच सांगायचं होतं.

"तू कधी दुसरीकडून बी घेतलं होतंस का?" मी विचारलं.

"काहून घेईन मी?"

"आठव ना."

"नाही घेतलं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "एकदा पानं आकसली होती. सगळे झाडं गेले. दोनदा झालं तसं. की तीनदा. तवा अम्माच्या झाडावरचं घेतलं. पण ते आपलंच होतं. मीच संक्रांतीले सगळ्यायले रोपं दिली होती ना. माही मिरची तिच्याकडं गेली, माहीच वापस आली."

मला ते संक्रांतीचं हळदीकुंकू आठवलं. बाकीच्या बाया प्लास्टिकचे डबे, गाळण्या देत. आई रद्दीच्या कागदात बांधलेली मिरचीची रोपं द्यायची, मुळाला ओली माती लावून. तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, सगळ्यांच्या बाड्यांत आईची मिरची होती. आम्हाला केवढा अभिमान होता त्याचा.

"आई, अम्मांच्या बाडीत त्यांचीही मिरची होती ना? गुंटूरची?"

"ते अलग वाफ्यात होती. तारेजवळ नव्हती."

"मधमाशीला वाफा कळतो का?"

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. निवडलेला आणि न निवडलेला सांबार तिने एकत्रच ताटात सोडून दिला. आई कधी असं करत नाही.

तेवढ्यात तारेकडून अम्मांची हाक आली. फोटोचं काय झालं ते त्यांना विचारायचं होतं. आई बाहेर गेली नाही, मीच गेले आणि त्यांनाही सांगितलं. अम्मा आधी खूप हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या.

"मतलब भाभी का मिर्ची में हमारा मिर्ची घुस गया? इतना साल?"

"हो. मतलब, हाँ."

"अच्छा हुआ. थोड़ा दम तो आया उसमें." आणि मग त्यांचं हसू मध्येच थांबलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते म्हणून मला ते थांबलेलं दिसलं. "तो... हमारा वाला?"

मी मान डोलावली.

"मैं तो हर साल बेटी को हैदराबाद भेजती. डब्बा भर के. गुंटूर बोलके भेजती." त्यांनी तार दोन्ही हातांनी धरली. "दामाद बोलता, अम्मा, आपके घर का गुंटूर बाज़ार में कहीं मिलता नहीं."

"मिलेगा कैसे?" माझ्या मागून आईचा आवाज आला. ती दारापर्यंत आली होती. "वो बाज़ार में हैच नहीं."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. कुणी हसलं नाही. मी मध्ये उभी होते आणि मला कळत नव्हतं की कुणाची समजूत आधी घालायची.

त्या दिवसापासून आईने भिवापुरी हा शब्द टाकला. "तिखट संपलं," म्हणायची, "ते मिरची वाळवायची आहे," म्हणायची. बियांचा डबा फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात गेला, जिथे तिचा हात पोहोचत नाही. माझ्याकडून ठेवून घेतला तिने. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायची, "आहे काही तरी, आमच्या बाडीतलं." एवढी वर्षं जी गोष्ट ती न विचारता सांगायची, ती विचारल्यावरही सांगेना. मी समजूत घालायला गेले की म्हणायची, "तू नको बोलू. तुह्या स्टोअरमंधी असा माल आला तर काय करते? वापस पाठवते ना?"

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मामेभाऊ पुन्हा आला. या वेळी फोन करून आला. खिशातून त्याने कागदाची लहान पुडी काढली.

"फीत बांधली होती ना, त्या झाडांचं बी आहे. मॅडम म्हणतात हे जुळते. जुन्या माणसांनीही पाहिलं. हे तुहंच आहे आत्या, तुह्याच डब्यातून निघालं. गावात दुसरीकडं कुठंच नव्हतं. तू ठेवलं नसतं तर काहीच नसतं भेटलं."

आईने पुडी हातात घेतली नाही. "मग आता मले कायले आणलं?"

"एकाच शेतात ठेवलं तर एखाद्या वर्षी रोग आला, गेलं. म्हणून थोडं तू लाव. दूर असलेलं बरं. पण जाळीत लाव, आत्या. माशी नाही आली पाहिजे."

आईने त्याला चहा दिला. मग तिने पुडी उचलली, उघडून बी नाकाजवळ नेलं, आणि मला म्हणाली, "ते जुनी मच्छरदाणी कुठं आहे?"

ती कुठे आहे हे मला अर्थातच माहीत होतं. बांबू आणून मी चौकट बांधली, मच्छरदाणी शिवून त्यावर चढवली, खालच्या कडेवर विटा ठेवल्या. आत थोडी रोपं. बाहेर नेहमीच्या वाफ्यात आईने आपली जुनी, मिसळलेली मिरचीच लावली. घरात खायला काहीतरी लागणारच होतं.

जाळी उभी राहिली आणि अम्मांचं बोलणं बंद झालं. पहिल्या दिवशी त्यांनी तारेपलीकडून पाहिलं. "क्या भाभी, अब परदा? मेरे मिर्ची का नज़र लगेगा?" आईने ते हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर अम्मा तारेशी आल्याच नाहीत. सकाळी बाडीत दिसायच्या, पाणी घालायच्या, आत जायच्या. वाट्या यायच्या बंद झाल्या. मला आधी हे गमतीचं वाटलं, मग वाटेनासं झालं. इतक्या वर्षांच्या शेजारात एका मच्छरदाणीने असं व्हावं, हे माझ्या कल्पनेत नव्हतं.

शेवटी आईच तारेशी गेली. मी मागच्या दारात भांडी घासत होते, सगळं ऐकू येत होतं.

"आपको नहीं रोका," आई म्हणाली. "मक्खी को रोका है."

"मक्खी तो मेरे घर से ही आती है न."

"सबके घर से आती है."

"जाली तो मेरे तरफ ही लगाया."

"चारों तरफ है, देखो तो. ऊपर से भी है."

अम्मांनी पाहिलं असावं, कारण तार करकरली. मग त्या म्हणाल्या, "वो गाँव के लिए है?"

"हाँ. गाँव के लिए."

"और खाने के लिए?"

"खाने के लिए ये बाहर वाला. आपका-मेरा."

संध्याकाळी तारेवरून वाटी आली. आत चिंचेची पच्चडी, त्यांच्याकडची चटणी, होती. जुनी राहिलेली वाटीही सोबत होती.

हिवाळ्यात जाळीतली मिरची पिकली. मामेभावाने फोटो मागवले, मॅडमना पाठवले. उत्तर आलं की बरोबर आहे, हीच. मामाने फोनवर व्हिडिओ पाहिला. "बाई, हेच," तो आईला म्हणाला. "आपल्या घरची." आई फोन धरून कितीतरी वेळ मान हलवत होती, जणू मामाला ते दिसत होतं.

बियांसाठी चांगल्या मिरच्या तिने बाजूला काढल्या. थोड्या उरल्या त्यांचा ठेचा करायचा ठरला. मला तो दिवस सणासारखा वाटला, खोटं कशाला बोलू. ज्वारीच्या भाकरी मी केल्या. मिरच्या भाजून लसूण-मिठाबरोबर आईने स्वतः ठेचल्या, मला हात लावू दिला नाही. गरम भाकरीवर ठेचा घेऊन तिने पहिला घास तोंडात घातला आणि चघळता चघळता थांबली.

"तेल टाकलं का तू?"

"तूच केलास ना. मी काहीच टाकलं नाही."

तिने दुसरा घास घेतला, लहानसा. डोळे मिटले. मग भाकर ताटात ठेवली.

"ही नाही."

"काय नाही?"

"ही माही मिरची नाही."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. मी घास घेतला. तिखट वेगळं होतं, हे खरं. जिभेवर लगेच लागत नव्हतं, घशात मागाहून येत होतं. वासही जास्त होता. पण मॅडम म्हणाल्या होत्या हीच, मामा म्हणाला होता हीच. मी तेच म्हणू लागले.

"तो म्हणते ते खरंच असन," आईने मला थांबवलं. "तो तिथंच राहिला. त्याले माहीत. मीच इथं राहून गेली." तिने पुन्हा थोडासा ठेचा बोटावर घेऊन जिभेला लावला. "माह्या मायच्या घरी अशीच होती का? मले आठवूनच नाही राहिलं. मी आठवाले गेली का बाडीतलीच तोंडात येते."

वर्षभर मी हे समजत होते की आईची मिरची मिसळली, म्हणजे खरी हरवली, आणि आता ती परत मिळाली. तिची जीभही त्या बाडीत बदलत गेली असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते तिच्याही आलं नसावं, कारण ती त्या ताटाकडे एखाद्या परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत होती.

मग ती उठली. भिंतीला धरून उठली. बाहेरच्या वाफ्यातल्या चार मिरच्या तोडून आणल्या, तव्यावर टाकल्या, ठेचल्या, आणि जेवली. पोटभर जेवली. जाळीतला ठेचा तिने झाकून ठेवला आणि नंतर अम्मांकडे पाठवला. वाटी परत आली ती निरोपासकट: "अच्छा है. लेकिन भाभी का नहीं है."

मामेभाऊ बी न्यायला आला तेव्हा आईने ते सगळं त्याच्या स्वाधीन केलं, पुढच्या वर्षीच्या लावणीपुरतं सोडून. तो पुन्हा फोटोचं बोलला. गटाची नोंदणी पुढे सरकली होती आणि नाव लावायला आता हरकत नव्हती.

"तिथल्या कोणाचा लाव," आई म्हणाली. "तुह्या बापाचा लाव. मी दरवर्षी लावून देईन, जाळीत, जशी म्हणशीन तशी. पण पाकिटावर माहं तोंड नको. विचारलं कोणी, कुठली आहे बाई, तर काय सांगशीन?"

"आपल्या गावची," तो म्हणाला.

"घे, चहा पी," आई म्हणाली.

तो गेल्यावर मी फडताळ आवरायला घेतलं. जाळीच्या बियांचा डबा वर ठेवला आणि त्यावर चिठ्ठी लावली: भिवापुरी, जाळीतली, बियाण्यासाठी. खाली बाहेरच्या मिरचीच्या तिखटाचा डबा होता. त्यावरची जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी मी नखाने खरवडून काढली, कारण तीही भिवापुरी होती, आणि पेन उघडून आईला विचारलं, "याच्यावर काय लिहू?"

"कायले लिहितं?" ती म्हणाली. "तो डबा कुठं जाऊन राहिला? घरातच तर आहे."

मी पेन बंद केलं. माझ्या सगळ्या फडताळात चिठ्ठी नसलेला तेवढाच एक डबा आहे. रोज स्वयंपाकाला लागले की हात तिकडे जातो आणि रोज क्षणभर मी दचकते.